तीन मिनिटांचा मंगळ

परवा फोनवर धाकट्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितलं, "आजी, आमच्या गाडीतला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो ना, त्यांच्यातली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा पुढे पळतात. ती मुद्दाम दुरुस्त करावी लागतात. तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

तो जरा हिरमुसला. आजीला काहीतरी नवीन सांगावं अशी त्याची इच्छा होती. म्हणून म्हटलं, याची भरपाई करू. तुमची आई दोन वेण्या घालून शाळेत जात होती तेव्हा, वाशीला, याच घड्याळांपायी एक लग्न अडलं होतं. ती हकीकत तुम्हा दोघांसाठी लिहून काढते. आधी शास्त्र सांगते, मग गोष्ट. मला हा क्रम बरा वाटतो, आणि शास्त्र कळल्याशिवाय गोष्टीतली गंमत कळायची नाही.

गुरुत्वाकर्षणाचा घड्याळांशी दोन प्रकारे संबंध येतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला प्रकार लंबकाच्या घड्याळाचा. लंबक खाली येतो तो पृथ्वी ओढते म्हणून. उंच डोंगरावर ही ओढ थोडी कमी असते, लंबक आळसावतो, घड्याळ मागे पडतं. हा त्या घड्याळाच्या बनावटीचा प्रश्न झाला. हातावरच्या किल्लीच्या घड्याळात लंबक नसतो, त्यामुळे त्याला ही अडचण येत नाही.

दुसरा प्रकार फार खोल आहे. तिथे घड्याळ कसलंही असो, लंबकाचं, स्प्रिंगचं, अणूंचं, ते वर नेलं की खालच्यापेक्षा पुढे जातं. कारण तिथे काळच भरभर चालतो. माणसाची नाडी, विरजण लावलेलं दूध, वाढणारी नखं, सगळंच. जिथे ओढ जास्त खोल, तिथे काळ संथ. या शतकाच्या म्हणजे माझ्या शतकाच्या सुरुवातीला एका शास्त्रज्ञाने हे नुसतं विचार करून ताडलं. पुढे साठ सालाच्या आसपास एका विद्यापीठाच्या इमारतीत तळाशी आणि माथ्याशी यंत्रं बसवून ते प्रत्यक्ष मोजलं गेलं. खालून निघालेला प्रकाश वर पोहोचेपर्यंत त्याच्या लहरी किंचित संथ झालेल्या आढळल्या. प्रत्येक लहर हा एक ठोका समजा. खालचे ठोके वरून पाहणाऱ्याला मंद दिसतात, म्हणजे त्याच्या हिशेबी खालचं घड्याळ मागे पडतंय.

फरक किती? तो पुढे येईलच. तिथेच सगळं घोडं अडलं होतं.

आम्ही सत्तरच्या दशकाच्या अखेरीला गिरगाव सोडून वाशीला आलो. खाडी ओलांडून जायचं म्हटल्यावर नातेवाइकांनी असे चेहरे केले की जणू आम्ही बोटीने आफ्रिकेला निघालो होतो. पण गिरगावात आम्ही सहा माणसं दोन खोल्यांत राहत होतो आणि इथे तळमजल्यावर आमचं स्वतःचं घर होतं, स्वयंपाकघराला ओटा होता, मागे तुळशीला जागा होती. इमारत तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. पाणी सकाळी तासभर यायचं, तेही तिसऱ्या मजल्यापर्यंत चढेलच असं नाही. संध्याकाळी खाडीकडून डास यायचे. मी तिथल्या एका शाळेत अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवायला लागले, आणि सगळ्या सोसायटीची 'बाई' झाले.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे गच्चीवर व्हायचं. वाण लुटून झालं की कुणीतरी 'दोन शब्द' बोलायचे अशी पद्धत पडली होती. आदल्या वर्षी एकीने लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं हे सांगितलं होतं आणि ते सगळ्यांना फार आवडलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरच्या त्या वर्षी माझी पाळी आली. मला लोणच्याचं काही सांगता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "बायकांनो, आत्ता आपण गच्चीवर बसलोय ना, इथे आपण तळमजल्यापेक्षा जरा लवकर म्हाताऱ्या होतोय."

मग मी वर लिहिलेलं सगळं सोप्या भाषेत सांगितलं.

"म्हणजे तळमजल्यावरच्या बाया जास्त दिवस तरुण राहतात?" दुसऱ्या मजल्यावरच्या एकीने विचारलं.

"अगदी किंचित."

"तरीच! मग बाईंनी मेन्टेनन्स जास्त द्यायला पाहिजे."

"आम्हाला वरच्यांना आधीच पाणी येत नाही, आणि आता म्हातारपण पण लवकर! कमिटीत विषय घ्या हो हा."

हशा झाला, तिळगूळ संपला, आम्ही सतरंज्या झटकून खाली आलो. तुमच्या आजोबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग मला पलंगाखाली झोपायला हरकत नाही." मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या. हातात रुमालात गुंडाळलेली पत्रिका.

या वहिनींची एकुलती एक मुलगी. बी.एस्सी. झालेली, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. बारावीत माझ्याकडे शिकायला यायची. शांत, पण एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत न हलणारी. तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा न्हावा शेव्याला, तिथे बंदराचं काम सुरू होतं, खाडीची खोली मोजण्याच्या कामावर. पाहण्याचा कार्यक्रम झाला आणि दोघं एकमेकांना मनापासून आवडली. पुढच्याच रविवारी मुलगा विसरलेली छत्री न्यायला आला. भर थंडीत कसली छत्री, असं वहिनींनी हसत हसत मला सांगितलं होतं. त्यानंतर तो एकदा छत्री बरोबर पोहोचली हे सांगायलाही येऊन गेला. सगळं जमल्यातच जमा होतं. मग मुलाच्या आईने पत्रिका मागवली.

"मंगळ निघाला, बाई," वहिनी खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. "आठव्या घरात. नवऱ्याच्या जिवावरचा म्हणतात. आणि मुलाच्या आई बिचाऱ्या स्वतः विधवा. मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा नवरा गेला. त्या कशा हो म्हणतील? इतकं टेन्शन आलंय, दोन दिवस घास उतरत नाही."

"मग?"

"मग काय! काल तुम्ही गच्चीवर बोललात आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला." त्यांनी पत्रिका उलगडली. "ज्योतिषी म्हणाले, हिचं जन्मलग्न, म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास, अगदी सांध्यावर आहे. तीन मिनिटं आधी जन्मली असती तर कन्या लग्न, आणि हाच मंगळ नवव्यात. नववा असला की दोष नाही. तीन मिनिटं हो फक्त! आणि बाई, हिचा जन्म मुंबईत ज्या प्रसूतिगृहात झाला, ते तिसऱ्या मजल्यावर होतं. समोरच्या भिंतीवर घड्याळ. मी डोळ्यांनी बघितलंय. वरच्या मजल्यावरचं घड्याळ पुढे. म्हणजे खरी वेळ अलीकडचीच की नाही?"

बाळांनो, मी आयुष्यभर शिकवलं. पण माझं शिकवणं इतक्या झटपट कुणी उपयोगात आणल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

मी त्यांना म्हटलं, "वहिनी, पुढे असतं हे खरं. पण ते इतकं कमी की..."

"किती का असेना. पुढे असतं ना? रविवारी ते लोक बोलायला येतायत, त्यांच्यासमोर तुम्ही एवढंच वाक्य बोला. मुलाचा मामा येणार आहे, तो शिकलेला आहे, गावाला शाळेत मास्तर होता. तुम्ही फिजिक्सच्या. तुमच्या तोंडून ऐकलं की तो मानेल. बाकीचं मी बघते."

"अहो, पण..."

"खोटं बोला म्हणत नाहीये मी! खरंच आहे ना ते?"

खरंच होतं. तेच अवघड होतं. एक वाक्य, शंभर टक्के बरोबर, आणि त्यावर एका मुलीचं लग्न. वहिनी गेल्यावर मी बराच वेळ पोळ्या लाटत विचार करत होते. मी स्वतः पत्रिका बघत नाही, आमचीही बघितली नव्हती. मग जी गोष्ट मी मानत नाही, ती माझ्या अर्ध्या वाक्याने दूर होत असेल तर बिघडलं कुठे? दोन पोळ्या करपल्या.

संध्याकाळी मुलगी कारखान्याच्या बसमधून उतरली, तेव्हा मी तिला फाटकातच गाठलं. आईचा बेत तिला ठाऊक होता.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

ती चपलेने मातीत रेघ ओढत राहिली. "बाई, मला तो आवडतो," ती म्हणाली. "त्याला पाण्याच्या खाली काय आहे ते न बघता सांगता येतं. मी म्हटलं, कसं, तर दोन तास समजावत बसला." मग तिने वर पाहिलं. "तुम्ही पूर्ण सांगा. फरक किती ते पण सांगा. नाहीतर उद्या त्याला साधी सर्दी झाली तरी त्या बाई माझ्याकडे बघतील आणि मला वाटेल की मी तीन मिनिटं चोरून आलेय."

"मोडलं तर?"

"तर रडेन," ती सरळ म्हणाली. "पण मग ते माझं रडणं असेल."

रविवारची बैठक आमच्याकडे ठरली, कारण मुलाच्या आईचे गुडघे दुखत आणि तिसरा मजला त्यांना चढवत नसे. आई आणि मामा दोघंच आले. मुलगा कामावर होता, मुलीचे वडील दिवसपाळीला. मुलीला आईने वरच थांबायला सांगितलं होतं, पण ती चहाचा ट्रे घेऊन आली आणि गेलीच नाही, दाराला टेकून उभी राहिली. मुलाच्या आई किडकिडीत, पांढऱ्या नऊवारीतल्या, डोळे सारखे कुणाला तरी शोधत असल्यासारखे. मामा मात्र ताठ. धोतर, कोट, खिशात पंचांग.

चहा झाल्यावर वहिनींनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी सुरुवात केली. इमारतीचं चित्र काढलं, वरचं घड्याळ, खालचं घड्याळ. मामांनी शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं आणि मग बोट उचललं.

"एक शंका. माझ्या एका स्नेह्याने लंबकाचं घड्याळ कोकणातून महाबळेश्वरला नेलं. तिथे ते मागे पडायला लागलं. तुम्ही म्हणता, उंचावर पुढे जातं. हे कसं?"

प्रश्न इतका चांगला होता की मी क्षणभर मंगळ विसरले. लंबक वेगळा आणि काळ वेगळा, हे त्यांना समजावून सांगितलं. ते मान डोलवत म्हणाले, "असं. म्हणजे तिथे घड्याळ चुकतं आणि इथे घड्याळ बरोबर असून काळच पुढे."

"अगदी बरोबर."

"ऐकलंत ना!" वहिनी खुर्चीच्या कडेवर आल्या. "म्हणजे हिची वेळ..."

"किती पुढे?" मामांनी विचारलं. "आम्हाला तीन मिनिटं लागतात."

मी दाराकडे पाहिलं. मुलगी माझ्याकडेच बघत होती.

"तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर," मी म्हटलं, "घड्याळ शंभर वर्षं टांगून ठेवलं, तर सेकंदाचे तीन लाख तुकडे करून त्यातला एक तुकडा, साधारण तेवढं पुढे जाईल."

वहिनींचा चेहरा पडला. मामांनी मनातल्या मनात हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मग तीन मिनिटांना किती वर्षं?"

"पाचशे कोटी. पृथ्वी जन्माला यायच्या आधीपासून ते घड्याळ त्या भिंतीवर हवं."

"भिंत कुठची आणायची तेव्हा?" मामा म्हणाले आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं. मुलीलाही आलं, पण ती लगेच गप्प झाली. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पत्रिका उचलून पुन्हा रुमालात गुंडाळायला घेतली. मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि तेव्हा मुलाच्या आई पहिल्यांदा बोलल्या.

"बाई, एक विचारू? वरचं घड्याळ वेगळं, खालचं वेगळं. मग त्यातलं बरोबर कुठचं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"असं कसं? एक कुठलंतरी खरं असेल ना, ज्यावरून बाकीची लावायची?"

"नाही. तसं एकच खरं घड्याळ जगात कुठे नाही. प्रत्येक घड्याळ आपल्या जागचा काळ खरा दाखवतं. आपण व्यवहारासाठी एक वेळ ठरवून घेतो, सगळ्यांनी मिळून. पण ती ठरवलेली असते."

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग भावाकडे वळल्या.

"दादा, मुलीची वेळ घड्याळात बघून लिहिलेली. आपल्याची कशी लिहिली?"

"कशी म्हणजे? सकाळी सहा."

"ते लिहिलंय. पण बघितलं कशात?"

मामांनी कोटाचं बटण लावलं, काढलं. "सहाची होडी सुटली ना तेव्हा. तांडेलाने शंख फुंकला आणि आतून रडणं ऐकू आलं. मी ओटीवरच होतो. लगेच लिहून ठेवलं."

"सहाची होडी," मुलाच्या आई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत प्रथमच काहीतरी चमकलं. "अरे, पण ती सहाला कधी सुटली? गावातली माणसं तिला सहाची होडी म्हणायची, एवढंच. भरती चढून धक्क्याला पाणी लागल्याशिवाय सुटणार कशी? कधी पाचला जायची, कधी आठला. चिखलातून ढकलायची का?"

मामांनी खिशातलं पंचांग चाचपलं.

"पंचवीस-सव्वीस वर्षांत हे तू बोलली नाहीस," ते म्हणाले.

"मला कुणी विचारलं? मी बाळंतीण होते. आणि तू मास्तर."

मी तोंडावर हात धरला. बाळांनो, इथे पुन्हा थोडं शास्त्र, कारण राहवत नाही. भरती-ओहोटी हे चंद्राच्या ओढीवर चालणारं घड्याळ आहे, आणि ते रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतं. खाडीकाठच्या माणसांना हे तोंडपाठ असतं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. मामांनाही ते चांगलंच माहीत होतं. पण जन्म लिहिताना त्यांनी होडीचं नाव वाचलं, पाणी बघितलं नाही. खाडीवर वाढलेल्या माणसाकडूनच ही चूक व्हावी. आमच्या गिरगावातल्या माणसाला होडीवरून वेळ लिहायचं सुचलंच नसतं.

"तिथी कोणती होती?" मुलीने दारातून विचारलं. तिला बोलायचं नव्हतं, पण तिच्याच्याने राहवलं नाही.

"दशमी," मुलाच्या आई म्हणाल्या.

मामा उठले. "मी लिहिलेली वेळ मी बदलणार नाही," ते म्हणाले. "चल, बस चुकेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मान ताठ होती. मुलाच्या आई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दारात त्या मुलीसमोर थांबल्या.

"बाळ, तुला भीती नाही वाटत? मंगळाची?"

"मला तुमची वाटते," मुलगी म्हणाली. "तुम्ही मनात धरून ठेवलंत तर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि भावामागे निघून गेल्या.

दार बंद झाल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "एक वाक्य, बाई. एक वाक्य बोला म्हटलं होतं." आणि जिन्याकडे वळल्या.

पुढचा आठवडा वाईट गेला. वहिनी जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे बघून खाली उतरायच्या. दर मंगळवारी आम्ही दोघी मिळून बाजारात जायचो, त्या मंगळवारी मी एकटीच गेले. सारसोळे गावची कोळीण माझ्या नेहमीच्या मासळीच्या वाट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आज जोडीन नाय आली? भांडलाव का काय?" मी म्हटलं, "मंगळ आडवा आलाय." ती म्हणाली, "मंगलवार हाय म्हनून मासली कोन खात नाय, ता मना ठाव हाय. पन मंगळ आडवा येतंय ता आजच आयकला." मला हसू आलं, पण घरी आल्यावर तेही टिकलं नाही. मुलगी रोज कामावर जात होती, रोज येत होती, मला बघून हात हलवत होती. एकदा म्हणाली, "बाई, तुम्ही बरोबर केलंत." तिचे डोळे सुजलेले होते. मी खरं सांगितलं याचा मला पश्चात्ताप होत नव्हता, पण खरं सांगून झाल्यावर माणसाच्या हाती काही उरत नाही, आणि ते बसून राहणं मला जमत नव्हतं. तुमच्या आईला त्या आठवड्यात मी विनाकारण दोनदा ओरडले.

शनिवारी माझी अर्धी शाळा होती. दुपारी घरी आले तर आमच्या पायरीवर मुलगा बसलेला. छत्रीच्या वेळी जिन्यात ओझरता पाहिला होता, उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावरून ओळखलं; हातात एक पिशवी होती. वर कुलूप होतं, वहिनी दळण आणायला गेल्या होत्या. मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. ग्लास एका दमात संपवून तो हसायला लागला.

"बाई, तुम्ही आमच्या घरात काय करून ठेवलंय तुम्हाला माहीत नाही."

"काय झालं?"

"मामा. सोमवारपासून पंचांग मांडून बसला होता. होडी पावणेसातला सुटली तर काय, सातला सुटली तर काय, सव्वासातला सुटली तर काय. रोज माझी एक नवीन पत्रिका. एकीत मला परदेशगमन होतं, एकीत दोन लग्नं. आई म्हणाली, दादा, काय वाटेल ते काढ, पण एक तरी मंगळवाली काढ."

"आणि?"

"काल निघाली. सातच्या सुमाराला पकडलं की माझाच मंगळ चौथ्यात येतो. मामा स्वतः ओरडला, याचाही मंगळ! आता मंगळाला मंगळ मिळाला, तर म्हणे काही दोषच उरत नाही." त्याने तोंड पुसलं. "मामाने माझी जुनी, सहाची पत्रिका फाडली पण नाही. वर लिहिलं, 'होडीचा दोष.'"

माझ्या घड्याळांनी काहीच सोडवलं नव्हतं, आणि तरी सुटलं होतं. पत्रिका होती तिथेच राहिली, फक्त माणसांनी तिच्यातून वाट काढली.

"पण म्हणजे काल मंगळ निघाला नसता तर?" मी विचारलं.

मुलाने पिशवी उघडली. आत जांभळी साडी होती, काठाला जर, घडी न मोडलेली. "आईने ही सोमवारीच आणली," तो म्हणाला. "मामा पहिली पत्रिका मांडत होता तेव्हा. मी म्हटलं, आई, अजून कशात काही नाही. तर म्हणाली, ती मुलगी मला म्हणाली की मला तुमची भीती वाटते. इतकं खरं माझ्याशी कुणी बोललेलं नाही. दादाला बसू दे त्याच्या होडीत, मी दुकानात जाते."

बाहेर दळणाच्या डब्याचा आवाज आला. वहिनी आल्या होत्या. मुलाला आमच्या घरात पाहून त्या उंबऱ्यात थबकल्या, डबा तसाच कडेवर. तो उठून उभा राहिला आणि सगळं पुन्हा सांगू लागला, पण साडी दिसल्यावर वहिनींनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी डबा खाली ठेवला आणि पिठाच्या हातांनीच डोळे पुसले. गालावर पांढरे पट्टे उठले.

मग त्या माझ्याकडे वळल्या, आठवड्यात पहिल्यांदा.

"बाई, तुमच्याकडे मोठं पातेलं आहे का? सगळ्या बिल्डिंगचा चहा होईल असं?"

"नाही. मंडळाचं आहे, समोरच्या इमारतीत."

"मग चला. मला एकटीला उचलायचं नाही."

आम्ही दोघी निघालो. मुलगा म्हणाला, मी येतो, तर वहिनींनी त्याला दटावलं, "जावई पातेली वाहत नसतात, बसा." मंडळाचं पातेलं चांगलं मांडीएवढं उंच होतं. एक कडी त्यांनी धरली, एक मी, आणि रस्ता ओलांडताना ते आमच्या दोघींच्या गुडघ्यांवर आपटत होतं. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या एका वाक्यावर थांबला नाहीत तेच बरं झालं म्हणायचं." मी म्हटलं, "तुमची बाजू जरा वर उचला."

तेवढ्यात कारखान्याची बस थांबली आणि मुलगी उतरली, शनिवारी तिलाही अर्धाच दिवस असे. हातात डबा, खांद्याला पर्स, नेहमीसारखी दमलेली. आई आणि बाई भर उन्हात पातेलं घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या आहेत, एवढंच तिला दिसलं. ती जागच्या जागी थांबली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आईकडे.

वहिनींनी तिला लांबूनच हाक मारली.

"बघतेस काय अशी? साखर घेऊन ये! चांगली दोन किलो आण!"